जेलमधल्या आरोपींची वकिली: सहायक लोक अभिरक्षकाचं काम नेमकं काय असतं? (ठाणे)

ऐरोली_ज्युनिअर

नमस्कार मंडळी. मी ऐरोलीत राहते. ठाणे कोर्टात एका सिनियरकडे काम करते, सनदेचं तिसरं वर्ष चालू आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या लोक अभिरक्षक (आरोपींची मोफत वकिली करणाऱ्या) कार्यालयात सहायक पदासाठी अर्ज भरायचा विचार आहे. मैत्रीण तिथे लागली आहे, पण तिला विचारलं की ती एवढंच म्हणते, "ये गं, कळेल."

घरी सगळ्यांनी मला सरकारी वकील करून टाकलंय. सासऱ्यांनी पेन्शनचंही विचारलं. सिनियर म्हणतात, तिकडे गेलीस की प्रॅक्टिसवर पाणी सोड. माझं जेलचं ज्ञान म्हणजे रिमांडला (कोठडी वाढवायच्या तारखेला) व्हीसीच्या, म्हणजे व्हिडिओ कॉलच्या, पडद्यावर दिसणारे चेहरे, बस. ठाणे जेलच्या भिंतीवरून रोज टीएमटीने जाते, आत पाय ठेवलेला नाही.

तर आत जाऊन वकील नक्की करतो काय? बाईमाणसाला अडचण येते का? आणि हे काम दोन-तीन वर्षं केलं तर हाताला काही लागतं की नुसत्या तारखा? कृपया अनुभव असलेल्यांनी सांगा. "सेवेची संधी आहे" असं उत्तर नको, ते जाहिरातीत वाचलंय.

बेलापूर_क्रिमिनल

अनुभव म्हणाल तर समोरच्या बाकावरून बघितलेला. काम कंत्राटी, पहिला करार दोन वर्षांचा, पुढची मुदतवाढ कामगिरी बघून. खाजगी केस एकही घ्यायची नाही. म्हणजे आज जे चार क्लायंट तुमच्या नावाने यायला लागलेत ते सोडायचे, आणि दोन वर्षांनी परत आलात की ते दुसऱ्याकडे गेलेले असतात.

दुसरं म्हणजे मान. आरोपी स्वतःच विश्वास ठेवत नाही. फुकट मिळालेला वकील म्हणजे पोलिसांचाच माणूस असं आतले जुने कैदी नव्याला सांगतात. मंगळसूत्र गहाण टाकून बाहेरचा वकील लावणारी बायको मी वाशीला असल्यापासून बघतोय. तुमच्या सिनियरचं चुकत नाही. विचार करून उडी मारा.

कोर्टनाका_ताई

मी ठाण्यात याच व्यवस्थेत उपमुख्य पदावर आहे. आधी कल्याण-उल्हासनगरला बरीच वर्षं फौजदारी प्रॅक्टिस केली. तू म्हटलं तर चालेल ना? लिहिताना सोपं पडतं.

आधी सासऱ्यांचं. सरकारी वकील समोरच्या बाजूला उभा असतो, आपण आरोपीच्या. पैसे सरकारी तिजोरीतून येतात म्हणून नाव चिकटतं, एवढंच. मानधन मिळतं, पेन्शन नाही. हे अर्ज भरण्याआधी घरात नीट सांग, नंतर वाद नको. आणि पक्षकाराकडून चहाचे पैसेसुद्धा घ्यायचे नाहीत. आईवडील गावाहून येतात, हातात नोटा कोंबतात, तेव्हा परत करताना त्यांना वाटतं काम होणार नाही म्हणून घेत नाहीत. याची सवय व्हायला वेळ लागतो, मला लागला.

कायद्याचं तुला माहीतच असणार. १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा, कलम १२, कोठडीत असलेल्या माणसाला उत्पन्नाची अट नाही. महिन्याला लाख कमावणाराही आत असताना मोफत वकील मागू शकतो. पूर्वी हे पॅनलवरच्या वकिलांकडून चालायचं, एकेक केस वाटून. २०२२ च्या योजनेने पूर्णवेळ कार्यालय आलं: मुख्य, उपमुख्य, सहायक, फक्त फौजदारी, रिमांडपासून अपिलापर्यंत.

आता जेल. आपलं ठाणे कारागृह म्हणजे जुना किल्ला, मंजूर क्षमता ११०५. आत प्रत्यक्षात किती आहेत ते फाटकावरच्या फळ्यावर वाच, तिथे रोजचा आकडा खडूने लिहिलेला असतो. क्षमतेच्या जवळपासचा आकडा मी तरी कधी पाहिला नाही. कोर्टापासून चालत जाता येतं ही आपली चैन आहे. तळोजाचं प्रकरण वेगळं. ते कारागृह खारघरला, खारघर रायगड जिल्ह्यात, आणि आतले आरोपी मुंबईचे, ठाण्याचे, पनवेलचे, सगळे मिसळलेले. बेलापूर कोर्टाची केस असेल तर ती ठाणे जिल्ह्याची. म्हणजे माणूस रायगडमध्ये बसलाय, केस ठाण्याची, आणि त्याचा वकिलासाठीचा अर्ज कुठल्या प्राधिकरणाकडे जायचा यातच आठवडा जातो. नियम सोपा आहे: केस जिथे, अर्ज तिथे. पण आत बसलेल्याला जिल्ह्याची हद्द कोण सांगणार? तिथल्या विधी सेवा क्लिनिकमध्ये बसणाऱ्या विधी स्वयंसेवकांशी ओळख ठेव, त्यांचा एक फोन तुझे आठ दिवस वाचवतो.

पहिल्यांदा जाशील तेव्हा फाटकावर मोबाईल जमा, रजिस्टरमध्ये नोंद, झडती. कागद आणि पेन न्यायचं. ज्यांना भेटायचंय त्यांची यादी आधी दिलेली असली तर बरं, नाहीतर बराकीतून माणूस बोलवून आणेपर्यंत अर्धी दुपार जाते. बाई म्हणून म्हणशील तर मला आत कधी कुणी वाकडं बोललेलं नाही. बाहेर, कोर्टाच्या पायरीवर, जास्त ऐकलंय. त्रास होतो तो वेगळ्याचा: उकाडा, गोंगाट, आणि टेबलापलीकडे एकाच वेळी बोलणारी पाच माणसं. महिला विभागात आईबरोबर सहा वर्षांपर्यंतची मुलं असतात. तिथून परत आलं की मी त्या दिवशी दुसरी मुलाखत घेत नाही.

तुला वाटत असेल, आत गेलं की लोक म्हणणार मला सोडवा. तसं नाही. पहिला प्रश्न असतो, "मॅडम, माझी तारीख कधी?" पार्टी (कोर्टात नेणारे पोलीस) मिळाली नाही म्हणून कोर्टात नेलेलं नसतं, व्हीसीवर उभं केलं तर समोर न्यायाधीश काय बोलले ते ऐकू आलेलं नसतं, आणि पुढची तारीख त्याला कुणी सांगितलेली नसते. कितीतरी जणांना केस नंबर माहीत नसतो. पोलीस ठाण्याचं नाव माहीत असतं, कुठल्या सणाच्या आसपास पकडलं ते माहीत असतं. कलम विचारलं तर "तीनशे एकोणऐंशी" सांगतात, आणि कागद बघितला तर गुन्हा जुलै २०२४ नंतरचा, नव्या न्याय संहितेतलं चोरीचं ३०३. जेलमध्ये जुने आकडेच चालतात, ती सवय जायला वेळ लागेल.

मग आपलं काम सुरू होतं ते हे: हिस्ट्री तिकिटावरून (कैद्याच्या जेलमधल्या नोंदपत्रावरून) गुन्हा रजिस्टर नंबर आणि अटकेची तारीख उतरवायची, ई-कोर्टवर पोलीस ठाणं आणि एफआयआर नंबर टाकून केस शोधायची, कुठल्या कोर्टात आहे, दोषारोपपत्र आलं का, आधी कुणी वकीलपत्र घातलंय का, ते बघायचं. वकीलपत्रावर आरोपीची सही आणि ती साक्षांकित करणारा कारागृहाचा शिक्का. तो कागद हातात आला की मग तू त्याची वकील.

दोन आकड्यांसाठी एक वेगळी वही कर. साठ आणि नव्वद. नागरिक सुरक्षा संहितेचं (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेली) कलम १८७(३). तपास त्या दिवसांत संपला नाही तर जामीन हा हक्क आहे, पण तो मागावा लागतो, आणि दोषारोपपत्र दाखल होण्याआधी मागावा लागतो. एकसष्टाव्या दिवशी सकाळी अर्ज दिला तर माणूस बाहेर, दुपारी दोषारोपपत्र आल्यावर दिला तर आत. ज्याच्याकडे वकील नाही त्याच्यासाठी हे दिवस कोण मोजतं? आपण. या एका कारणासाठी जेलची फेरी नियमित लागते.

ठाण्यात, खरं सांगायचं तर, जामीन मंजूर होणं हा अवघड भाग नाही. चोरी, मारामारी, किरकोळ घरफोडी यात दंडाधिकाऱ्यांकडून नाही तर सत्र न्यायालयातून आज ना उद्या होतो. माणूस त्यानंतरही बाहेर येत नाही. आपल्या कामाचा मोठा भाग तिथून पुढचा आहे आणि तो लॉ कॉलेजात कुणी शिकवत नाही.

एक उदाहरण सांगते, ओळख पटेल असं काही न देता. भिवंडीच्या गोदामात माल चढवणारा, उत्तर प्रदेशातला पोरगा. जामीन झाला: पंधरा हजारांचा जातमुचलका (स्वतःची लेखी हमी) आणि तेवढ्याच रकमेचा एक स्थानिक जामीनदार. वाचायला किती साधं! आता जामीनदार आणायचा म्हणजे ठाणे जिल्ह्यात राहणारा, रेशनकार्ड असलेला, पगाराची स्लिप किंवा घरपट्टीची पावती किंवा ऐपतीचा दाखला असलेला माणूस. हा पोरगा सहा जणांबरोबर खोलीत राहत होता, खोली मुकादमाच्या नावावर. मुकादम फोन उचलेना. गोदामवाला म्हणाला, असा कुणी माणूस आमच्याकडे नव्हताच. गावाकडे बाप होता, त्याच्याकडे जमीन होती, पण ती बलरामपूरला. कोर्टाबाहेर भाड्याचे जामीनदार फिरतात हे तू बघितलं असशील, त्यांच्या वाटेला जायचं नाही, कारण तीच कागदपत्रं चार केसमध्ये लागलेली निघतात आणि मग आरोपीवर आणखी एक गुन्हा. आम्ही आधी रोख जामिनावर तात्पुरतं सोडण्याचा अर्ज दिला. तो मंजूर झाला, पण रोख रक्कम तरी कुठून? बापाने म्हैस विकून पाठवायची तयारी दाखवली, आम्ही थांब म्हटलं. मग सर्वोच्च न्यायालयाचा ३१ जानेवारी २०२३ चा आदेश जोडून दुसरा अर्ज: महिनाभरात जामीनदार देता आला नाही तर कोर्टाने अट शिथिल करण्याचा विचार करावा, असं त्यात आहे. तेव्हा कुठे वैयक्तिक जातमुचलक्यावर सुटला. या सगळ्यात त्याच्या गुन्ह्याबद्दल, पुराव्याबद्दल एक वाक्य बोलायला लागलं नाही.

जामीनपात्र गुन्ह्यात तर कायदाच म्हणतो की अटकेपासून आठवड्यात जामीनदार देता आला नाही तर तो माणूस निर्धन समजा आणि जातमुचलक्यावर सोडा (त्याच संहितेचं आताचं कलम ४७८). तरी असे लोक आत सापडतात. सापडला की मला आनंद होतो, कारण तो त्या आठवड्यातच बाहेर जातो.

२०२३ साली केंद्राची गरीब कैद्यांसाठी मदतीची योजना आली. तेव्हा जामिनासाठी ४० हजारांपर्यंत आणि दंड भरता न येणाऱ्या शिक्षा झालेल्यांसाठी २५ हजारांपर्यंत अशी मर्यादा होती. चांगली आहे, पण जिल्हा समितीपुढे प्रस्ताव जायला कागद लागतात आणि ते कागद आपणच जमवायचे. ज्याला घर नाही त्याच्याकडे कागद कुठून, या वर्तुळात ती फिरते. तरी अर्ज टाकत राहायचं.

आणखी एक गोष्ट, यात नवे वकील हटकून फसतात. जामिनाची धावपळ सुरू करण्याआधी विचार: दुसरं कुठलं वॉरंट आहे का? ठाण्याच्या केसमध्ये सुटका आदेश घेऊन जातेस आणि कल्याण रेल्वे पोलिसांचं पीडब्ल्यू (दुसऱ्या केसमध्ये हजर करायचं वॉरंट) आधीच येऊन पडलेलं असतं. घरच्यांचे पैसे भरून झालेले, माणूस फाटकातून फाटकात. मोबाईल चोरीच्या पोरांचं हे नेहमीचं. त्यांची सगळी प्रकरणं आधी एका कागदावर मांडायची, मगच पहिला अर्ज.

बेलापूरवाल्या वकीलसाहेबांनी विश्वासाचं लिहिलंय ते खरं आहे. पहिल्या भेटीत कुणी विश्वास ठेवत नाही, ठेवूही नये. दुसऱ्या भेटीत तारीख सांगितली आणि ती बरोबर निघाली की ठेवतात. "कधी सुटेन" याचं उत्तर मात्र कधीही दिवस सांगून देऊ नकोस. बराकीत तो दिवस कोळशाने भिंतीवर लिहिला जातो.

निवृत्त_तुरुंगाधिकारी

ताईंनी जवळजवळ सगळं लिहिलं. फाटकाच्या आतल्या बाजूने थोडं.

वकिलांनी सकाळी लवकर यावं. संध्याकाळी बंदीच्या वेळी, म्हणजे गिनती करून बराकी बंद करायच्या वेळी, आलात तर आमचा माणूस तुम्हाला वेळ देऊ शकत नाही. त्यात उद्धटपणा नसतो. गिनती जुळली नाही तर कुणीच घरी जात नाही. सुटका आदेशाचंही तसंच. जामीनपेटी ठरलेल्या वेळी उघडते, त्यानंतर आलेला कागद दुसऱ्या दिवसाचा. आता आदेशाची प्रत कोर्टाकडून ईमेलने येते, तरी बंधपत्र पूर्ण झाल्याचा कागद लागतोच. अनेक नातेवाईक आदल्या रात्री फाटकाबाहेर बसून काढतात. वकिलाने एक शब्द आधी सांगितला तर त्यांची रात्र वाचते.

नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ बद्दल. न्यायबंदीने (खटला चालू असलेल्या कैद्याने) कमाल शिक्षेच्या निम्मा काळ काढला, किंवा पहिलाच गुन्हा असेल तर एक तृतीयांश, की अधीक्षकांनी स्वतः कोर्टाला लेखी अर्ज करायचा आहे. ही मेहेरबानी नव्हे, कर्तव्य आहे. २३ ऑगस्ट २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने ते जुन्या केसेसनाही लागू केलं तेव्हा सगळ्या कारागृहांत याद्यांची धांदल उडाली होती. संगणक यादी काढतो. पण संगणकाला हे कळत नाही की हा माणूस मध्ये चार महिने जामिनावर बाहेर होता, किंवा त्याच्यावर दुसऱ्या जिल्ह्यात आणखी एक केस आहे. एकाहून अधिक केसेस प्रलंबित असतील तर या कलमाचा फायदा नाही. फाशी-जन्मठेपेच्या गुन्ह्यांनाही नाही. यादीतली पन्नास नावं अशीच गळतात. म्हणून वकील आणि कारागृहाचा न्यायविभाग यांनी एका टेबलावर बसून यादी तपासली पाहिजे. मी नोकरीत असताना अशा वकिलांना चहा विचारायचो, बाकीच्यांना फक्त रजिस्टर.

आत येणारे वकील एकदा येतात, भाषण देतात, फोटो काढतात, जातात. हक्कांची माहिती देणारी शिबिरं आम्ही खूप पाहिली. बंदी टाळ्या वाजवतात, कारण तेवढा वेळ बराकीबाहेर बसायला मिळतं.

अवांतर: आत गेलात की जुन्या किल्ल्याची तटबंदी बघा. अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी याच कारागृहात फाशी झाली. आमच्या वेळी नवीन शिपायाला हे पहिल्या आठवड्यात सांगायचे.

दिवा_लोकल

मी वकील नाही. माझा धाकटा भाऊ कल्याणच्या आधारवाडी जेलला होता, मारामारीच्या केसमध्ये. आधी एक खाजगी वकील लावला. पैसे घेतले, दोन तारखांना आला, मग त्याचा ज्युनिअर, मग कुणीच नाही. भावाने आतून अर्ज केला आणि मोफतवाल्या मॅडम मिळाल्या. आई म्हणाली, हे फुकटचं काय कामाचं.

त्या मॅडमनी पहिल्यांदा काय केलं तर मला फोन. "तुमच्या भावाची पुढची तारीख अमुक आहे, कोर्ट नंबर तमुक, रेशनकार्डची मूळ प्रत आणि शेजाऱ्यांपैकी पगारदार कोणी असेल तर बघून ठेवा." एवढंच. आम्हाला तोपर्यंत कोर्ट नंबरही कुणी सांगितला नव्हता. मी रेल्वेत गँगमन असलेल्या शेजाऱ्याच्या हातापाया पडलो, तो उभा राहिला, भाऊ सुटला.

तक्रार एकच. केस उभी राहिली तेव्हा त्या मॅडमचा करार संपला होता, नवीन सर आले, त्यांना सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं. तेही चांगले आहेत, पण माणूस बदलला की पोटात गोळा येतो. ताई, तुम्ही वही म्हणालात ना, ती वही पुढच्याला देऊन जात जा.

ऐरोली_ज्युनिअर

सगळ्यांचे आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. ताई, तू म्हणा, अहो-जाहो नकोच.

एक प्रश्न राहिला, विचारायला जरा जड जातंय. चोरी-मारामारीचं ठीक. पण पॉक्सो (मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांचा कायदा)? लहान मुलीवर अत्याचार केलेल्या माणसाचं वकीलपत्र नाही म्हणता येत नाही ना? मला स्वतःला चार वर्षांची मुलगी आहे. नवऱ्याने तेवढंच एक विचारलं आणि मला उत्तर देता आलं नाही.

आणि मूळचा प्रश्न: यातून परत प्रॅक्टिसमध्ये आलं तर?

कोर्टनाका_ताई

नाही म्हणता येत नाही. केस निवडायची सोय नाही. मुख्य अभिरक्षक वाटप करतात, त्यांना सांगून सुरुवातीला टाळता येतं, कायमचं नाही.

माझ्याकडच्या पॉक्सोच्या फायली सगळ्या एकसारख्या नाहीत. त्यातल्या बऱ्याच पळून गेलेल्या जोडप्यांच्या आहेत. मुलगा एकोणीस-वीसचा, मुलगी सतरा वर्षं काही महिन्यांची, बापाची तक्रार, आणि मुलगी कोर्टात रडून सांगते की मी स्वतः गेले. संमतीला कायद्यात अर्थ नाही आणि पोरगा आत. तिथे तू मनापासून भांडशील.

एकात तर पोरगाच अठराच्या आत निघाला. अटकेच्या वेळी त्याने वय वीस सांगितलं होतं, कारण कामावर ठेवणाऱ्यानेच तसं शिकवलेलं. झारखंडमधल्या शाळेच्या मुख्याध्यापकांनी प्रवेश नोंदवहीच्या पानाचा फोटो पाठवला. पण बाल न्याय कायद्याच्या कलम ९४ प्रमाणे शाळेचा जन्मतारखेचा दाखला लागतो, फोटो नाही. तो दाखला टपालाने येईपर्यंत पोरगा मोठ्यांच्या बराकीत होता. त्यामुळे मुलाखतीत मिसरूड न फुटलेला चेहरा दिसला की पहिला प्रश्न शाळेचा विचार, "वय किती" विचारू नकोस, ते पाठ केलेलं असतं.

आणि काही फायली खरोखर भयंकर असतात. त्या मी घरी नेत नाही, नेटवरून घरून वाचतही नाही, कार्यालयातच वाचते. उलटतपासणीत मुलीला रडवायचं नाही, वैद्यकीय अहवाल आणि वेळा यांवर बोलायचं. एवढं मी माझ्यापुरतं ठरवलंय, आणि त्याने आरोपीचं नुकसान होत नाही, उलट कोर्ट ऐकतं. तुझ्या नवऱ्याला काय सांगायचं ते मला माहीत नाही. माझ्या नवऱ्याने विचारलं होतं, मी म्हटलं, वकील नसेल तर खटला वर्षानुवर्षं लांबतो आणि त्या मुलीलाही परत परत कोर्टात यावं लागतं. त्याचं पूर्ण समाधान झालं नाही. माझंही प्रत्येक केसमध्ये होत नाही.

परत येण्याचं: सिनियरच्या हाताखाली सत्र खटल्यात साक्षीदार तपासायला तुला किती वर्षांनी मिळेल? इथे ती पाळी लवकर येते, सहायक असलीस तरी दंडाधिकारी कोर्टातले खटले तुझेच. जामिनाचे अर्ज इतके होतात की न्यायाधीश तुला नावाने ओळखायला लागतात. क्लायंट जातात हे बेलापूरवाल्या साहेबांचं म्हणणं खरं, पण तिसऱ्या वर्षी चारच क्लायंट आहेत ना?

दिव्याच्या दादांनी वहीचं म्हटलं ते मनाला लागलं. आमच्याकडे आता प्रत्येक फाईलच्या आत एक पान चिकटवतो: नातेवाइकाचा नंबर, जामीनदार कोण चालेल, दुसऱ्या केसेस, कुठली भाषा बोलतो. बंगाली आणि तेलुगू बोलणाऱ्यांसाठी शेवटच्या रकान्याचा फार उपयोग होतो.

बेलापूर_क्रिमिनल

मिसरूडचा मुद्दा मान्य, माझ्या लक्षात राहील. बाकी माझं मत तेच आहे. दोन वर्षांनी करार संपल्यावर ज्यांना पुढे मुदतवाढ मिळाली नाही असे दोघे आज माझ्याकडे बसतात. काम उत्तम करतात, ड्राफ्टिंग माझ्यापेक्षा बरं. पण त्यांना शून्यातून उभं राहावं लागलं हे त्यांच्याच तोंडून ऐका. ऐरोली, अर्ज भरा, पण सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला ठेवून भरा.

ऐरोली_ज्युनिअर

भरते. मुलाखतीला काय विचारतील?

कोर्टनाका_ताई

निवड समितीचे अध्यक्ष प्रधान जिल्हा न्यायाधीश असतात, त्यामुळे कायदा पक्का लागतो. १८७(३) मध्ये दिवस कधीपासून मोजायचे, ४७९ चं पोटकलम दोन, आणि ४८०(६), म्हणजे पुराव्याच्या पहिल्या तारखेपासून साठ दिवसांत दंडाधिकारी खटला संपला नाही तर काय, एवढं नीट वाचून जा. सुहास चकमा निकाल, २३ ऑक्टोबर २०२४, कारागृहातल्या विधी सहाय्यावरचा, तोही बघ. आणि आपल्याच राज्याचा जुना होसकोट निकाल, १९७८, शिक्षा झालेल्याला निकालपत्राची प्रत आणि अपिलासाठी वकील मिळाला पाहिजे म्हणणारा. त्यावर विचारलं तर छान बोलता येतं.

हिंदी येते का विचारतील, हो म्हण. प्रिंटआउट काढून ने, कार्यालयातला प्रिंटर बहुतेक बंद असतो.